झाकण मिटलं तरी एसएसडी जागी: नव्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीत जाते कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. ज्यांचे लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते त्यांना नवं यंत्र घ्यावं लागलं. सांगली-मिरजेतले कर सल्लागार, अडत्यांकडचे दिवाणजी, शिकवणीवाले, वालचंद कॉलेजची पोरं, सगळेच त्यात आले. आता त्यातल्या बऱ्याच जणांकडून एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. रात्री ८० टक्के बॅटरी बघून झाकण लावलं आणि सकाळी उघडलं तर ४० सुद्धा नाही. जुना लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, बॅटरी मरायला टेकलेली, पण झाकण लावल्यावर दीड-दोन दिवस निवांत पडून राहायचा. मग नव्यालाच काय धाड भरली?

दुकानात नेला की पहिला सल्ला ठरलेला: "बॅटरी बदलून बघू." कृपा करून लगेच बदलू नका. बॅटरी बहुतेक वेळा ठणठणीत असते. लॅपटॉपची झोपायची पद्धतच बदलली आहे, आणि या नव्या पद्धतीत ज्या भागाकडे कुणाचं लक्ष जात नाही तो म्हणजे एसएसडी.

आधी एसएसडी म्हणजे काय ते बघू

आपल्या फायली जिथे साठतात ती जागा म्हणजे एसएसडी. पूर्वीच्या हार्ड डिस्कमध्ये मोटर असायची, तबकडी फिरायची. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिप्स. त्यात फ्लॅश प्रकारची स्मृती असते. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधून काढली. वीज गेली तरी फ्लॅशमधलं लिहिलेलं पुसलं जात नाही, हे लक्षात असू द्या. पुढे कामाला येईल.

हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई जातीची एसएसडी असते. बहुतेक वेळा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी, च्युइंगगमएवढी. तिच्यावर काळ्या चिप्सबरोबर कंट्रोलर नावाची एक चिप असते. कंट्रोलर म्हणजे स्वतंत्र छोटा संगणकच. त्याचा स्वतःचा प्रोसेसर असतो आणि फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच भरलेली कार्यप्रणाली, तीही स्वतःची. तेव्हा लॅपटॉप झोपला म्हणजे एसएसडी झोपलीच असं धरून चालत नाही. तिला तिची झोप घ्यावी लागते.

पट्टीवरच्या स्टिकरवर ३.३ व्होल्ट आणि २.५ अँपिअर असं काहीतरी छापलेलं दिसेल. गुणाकार केला की आठेक वॅट येतात आणि माणूस घाबरतो. ते आकडे जास्तीत जास्त मागणीचे. एरवी एसएसडी त्याच्या पासंगालाही लागत नाही.

पूर्वी एकच खटका होता

संगणक चालू असताना उघडलेली बिलं, वहीखातं, ब्राउझरचे टॅब हे सगळं रॅममध्ये असतं. रॅमला सतत वीज लागते. वीज तुटली की पाटी कोरी. म्हणून 'स्लीप' म्हणजे रॅमपुरती वीज चालू ठेवायची आणि बाकीच्यांची तोडायची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय नावाची नियमावली आणली. तिच्यात या झोपेचं नाव आहे एसथ्री.

एसथ्रीत एसएसडीचा प्रश्नच उरत नव्हता. झाकण लावलं की विंडोज तिला सांगायचं, हातातलं लिहायचं राहिलं असेल ते लिहून घे. तिनं लिहिलं, की वीज बंद. झोपेत ती किती वीज खाते? शून्य.

आता ज्यानं त्यानं आपलं शटर ओढायचं

मग मोबाइल आले. मोबाइल खिशात असतो, पडदा काळा असतो, तरी मेसेज येतो आणि बटण दाबताच उजेड पडतो. लॅपटॉपही असाच हवा, या हट्टातून २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर एक नवी झोप आली. विंडोज १० मध्ये तिचं बारसं 'मॉडर्न स्टँडबाय' असं झालं. तांत्रिक कागदांत हिला एसझिरोची झोप म्हणतात, आणि एसझिरो म्हणजे 'यंत्र चालू आहे'. यंत्र कागदोपत्री चालूच असतं, फक्त अगदी गप्प बसलेलं.

फरक समजायला मार्केट यार्ड डोळ्यांपुढे आणा. समजा, पूर्वी ठरलेली वेळ झाली की यार्डाच्या ऑफिसातून मेन स्विच पाडायचे. दुकानात कोण आहे नाही बघायचं नाही, सगळीकडे अंधार. नवा नियम असा, की मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक दुकानदारानं आपापले दिवे घालवून शटर ओढायचं, आणि शेवटचं शटर खाली आल्यावरच वॉचमननं गेट लावून पाठ टेकायची. आता शंभर दुकानं वेळेत बंद झाली आणि एकाचं शटर अर्धं उघडं राहिलं, तर वॉचमन रात्रभर खुर्चीत जागा, गेट उघडं आणि रस्त्यावरचे सगळे दिवे चालू.

यातला वॉचमन म्हणजे प्रोसेसर. आणि अर्ध्या शटरवाल्या दुकानदारांत एसएसडीचा नंबर बराच वर लागतो.

एसएसडीच्या झोपेला पायऱ्या असतात

एनव्हीएमई एसएसडीला 'चालू' आणि 'बंद' एवढ्या दोनच अवस्था नसतात. नियमावलीत तब्बल ३२ पर्यंत पायऱ्यांची सोय आहे. प्रत्यक्षात बाजारातल्या एसएसडीत पाचच्या आसपास दिसतात. ५०० जीबीच्या एका नेहमीच्या एसएसडीचा तक्ता साधारण असा. पहिल्या पायरीवर जोरात काम करताना ६ वॅट, मग ४, मग २. या तिन्ही पायऱ्यांवर ती फायली देते-घेते. चौथीवर उडी एकदम ४० मिलीवॅटवर आणि पाचवीवर ५ मिलीवॅटवर. मिलीवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. शेवटच्या दोन पायऱ्यांवर ती काहीच काम करत नाही. काही मागितलं तर आधी वर यावं लागतं.

वर यायला वेळ लागतो, आणि सगळी गोम इथेच आहे. पाचव्या पायरीवर उतरताना कंट्रोलरला आपला सगळा पसारा आवरावा लागतो, कारण कुठली फाईल कुठल्या चिपमध्ये याचा नकाशा त्याच्याकडे असतो. उतरायला साधारण २ मिलिसेकंद आणि वर यायला ८. तुम्हा-आम्हाला हे कळतही नाही, पण प्रोसेसरच्या हिशेबात आठ मिलिसेकंद म्हणजे युग. म्हणून संगणक चालू असताना तिला ऊठसूट तळाला धाडत नाहीत. किती वेळ शांतता असली की कुठल्या पायरीवर उतरायचं, हे आधी सांगून ठेवलं तर एसएसडी पुढे आपली आपण उतरते. ही सोय २०१२ च्या एनव्हीएमई १.१ आवृत्तीपासून आहे. तिचं इंग्रजी लघुरूप एपीएसटी.

खरा खर्च एसएसडीचा नाहीच

आता हिशेब मांडू. लॅपटॉपची बॅटरी ४५ वॅट-तासांची धरा आणि रात्र दहा तासांची.

एसएसडी पाचव्या पायरीवर झोपली तर दहा तासांत ०.०५ वॅट-तास खाणार. बॅटरीचा हजारावा हिस्सा. चौथ्या पायरीवरच रेंगाळली तर ०.४ वॅट-तास, तेही एक टक्क्याच्या आत. मग एवढ्यासाठी ओरड कशाला?

ओरड वॉचमनसाठी. एसएसडी आणि प्रोसेसर यांना पीसीआय एक्सप्रेस नावाची लाइन जोडते. एसएसडी पूर्ण खाली उतरली नाही तर ही लाइनही जागी राहते, आणि लाइन जागी असली की प्रोसेसरला आपल्या सगळ्यात खोल झोपेत जाता येत नाही. लॅपटॉप नीट झोपला तर सगळं मिळून खर्च वॅटच्या काही दशांशांचा. ०.३ वॅट धरले तर रात्रीत ३ वॅट-तास, म्हणजे सात टक्के. तोच प्रोसेसर अर्धवट जागा राहून एकूण खर्च २ वॅटवर गेला, तर रात्रीत २० वॅट-तास, म्हणजे ४४ टक्के. ऐंशीवरून छत्तीस. गाऱ्हाण्यातला आकडा इथून येतो. एसएसडीनं स्वतः खाल्लं चिमूटभर, पण तिच्यापायी घरभर दिवे चालू राहिले.

बॅगेतून काढताना लॅपटॉप चांगलाच तापलेला लागला तर मात्र प्रकरण वेगळं. तेव्हा बहुधा विंडोज अपडेटसाठी किंवा आणखी कशासाठी यंत्र पूर्ण जागं झालेलं असतं. तो गुन्हा एसएसडीच्या माथी मारू नका.

मग ती झोपत का नाही?

कारणं पुष्कळ, आणि बऱ्याचदा दोष एकट्या एसएसडीचा नसून लॅपटॉप आणि एसएसडी या जोडीचा असतो. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या दुसऱ्या एका प्रणालीत, २०१७ साली, ४.११ आवृत्तीत, वर सांगितलेली आपोआप उतरण्याची सोय आली. तेव्हा डेलच्या एक्सपीएस १५ ९५५० आणि प्रिसिजन ५५१० या दोन लॅपटॉपवर काही सॅमसंग एसएसडी तळाच्या पायरीवर गेल्या की मध्येच लाइनवरून गायब व्हायच्या. संगणकाला वाटायचं डिस्कच उपटून नेली. त्याच एसएसडी दुसरीकडे सुरळीत चालत होत्या. शेवटी त्या जोडीपुरता अपवाद लिनक्सच्या गाभ्यात लिहावा लागला: या दोन लॅपटॉपवर हिला सगळ्यात खाली पाठवू नका. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण डिस्क जागेवर राहील. असे अपवाद त्या यादीत आजही आहेत.

दुसरं कारण घरगुती. लॅपटॉप २५६ जीबीचा घेतला, वर्षभरात भरला, मग बाहेरून मोठी एसएसडी बसवून घेतली. लॅपटॉप कंपनीनं ज्या मोजक्या एसएसडींवर झोप तपासलेली असते त्यांत ही नसते. चालेल उत्तम, वेगही मिळेल, पण तळाच्या पायरीवर जाईलच याची हमी नाही.

तिसरं म्हणजे ताजं लिखाण. लग्नाचे ४० जीबी फोटो ओतले आणि त्याच मिनिटाला झाकण लावलं. एसएसडीनं ते घाईघाईत एका वेगवान कप्प्यात घेतलेले असतात. ते नीट जागेवर लावायचं काम ती नंतर करत बसते. हे तात्पुरतं असतं. आणि यूएसबीला बाहेरची डिस्क लावून तशीच ठेवली असेल तर तीही एक दुकानच, तिचंही शटर मोजायचं.

तिची वीजच तोडली तर?

हा मार्ग आहे, आणि काही लॅपटॉप तो वापरतातही. नव्या झोपेतसुद्धा एकट्या एसएसडीचा वीजपुरवठा पूर्ण बंद करता येतो. तसं करायचं की तिला आपल्या पायऱ्यांवर सोडायचं, हे लॅपटॉप बनवणारा बायोसमध्ये लिहून ठेवतो. बायोस म्हणजे यंत्र चालू होताना सगळ्यात आधी जागी होणारी प्रणाली.

वीज तोडली की पायऱ्यांची भानगड संपली. पण उठताना एसएसडीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि विंडोज या झोपेत मधूनमधून मेल बघायला डोकावतं. दर वेळी बंद-चालू करण्यात वाचलेली वीज पुन्हा खर्ची पडू शकते. माझं मत विचाराल तर रात्रभराच्या झोपेला वीज तोडणंच बरं. पण हे बटण आपल्या हातात नाही.

आपल्या यंत्राची तपासणी

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी हा शब्द इंग्रजीत, सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ए हे अक्षर. एंटर मारलं की यंत्राला कुठकुठल्या झोपा येतात ते दिसतं. 'एसझिरो लो पॉवर आयडल' उपलब्ध दिसलं तर नवी झोप, 'एसथ्री' उपलब्ध दिसलं तर जुनी.

नवी असेल तर त्याच आज्ञेत ए ऐवजी 'स्लीपस्टडी' असं जोडून लिहा. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला हे खिडकीत छापून येतं. तो ब्राउझरमध्ये उघडा. प्रत्येक झोपेची एक ओळ असते: कधी सुरू, किती वेळ, किती बॅटरी गेली. त्याच ओळीत दोन टक्केवाऱ्या असतात, एसडब्ल्यू आणि एचडब्ल्यू. पहिली सांगते सॉफ्टवेअर किती वेळ शांत होतं, दुसरी सांगते हार्डवेअर खरोखर किती वेळ तळाशी होतं. दोन्ही नव्वदीच्या पुढे असतील तर लॅपटॉप घोरत होता. एसडब्ल्यू ९८ आणि एचडब्ल्यू शून्य दिसलं, तर माणसं घरी गेली पण कुठलंतरी शटर उघडं राहिलं. ओळीवर क्लिक केलं की खाली संशयितांची यादी येते. तिच्यात स्टोरेज, एनव्हीएमई, पीसीआय असले शब्द वरच्या नंबरावर असतील तर तपास योग्य दिशेनं चाललाय.

यावर उपाय तीन, आणि याच क्रमानं करा. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस आणि स्टोरेज ड्रायव्हर ताजे करा. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊन फर्मवेअर ताजं करा. दोन्हीआधी फायलींची प्रत दुसरीकडे काढा, आणि हे काम चालू असताना चार्जर लावलेला ठेवा. तरीही नाही जमलं तर तिसरा: झाकण लावल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट.

"पण हायबरनेटनं एसएसडी झिजते ना?"

हा प्रश्न येणारच. हायबरनेट म्हणजे रॅममधलं सगळं एसएसडीवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करणं. खर्च जवळजवळ शून्य, उठायला दहा-पंधरा सेकंद जास्त. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरं आहे. ५०० जीबीच्या नेहमीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी ३०० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लिखाणाची हमी देते. आता रॅम १६ जीबी असेल तर विंडोज त्यासाठी साधारण ४० टक्के, म्हणजे सहाएक जीबी जागा राखतं. दिवसातून दोनदा हायबरनेट केलं तर १२ जीबी, वर्षाला सुमारे ४.४ टीबी. तीनशेला यानं भागा. अडुसष्ट वर्षं. एवढ्यात लॅपटॉपच्या बिजागऱ्या दहादा निखळतील.

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडलं की डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' असं दिसतं. बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा, चार्जरच्या रकान्यात स्लीप राहू दे. यादीत हायबरनेट नसेल तर मघाच्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, हायबरनेट, जागा सोडून ऑन.

"जुनी झोपच परत आणा की"

बायोसमध्ये पर्याय असेल तर खुशाल आणा. काही लॅपटॉपमध्ये तो असतो. पण बहुतेक नव्या यंत्रांत कंपन्या एसथ्री देतच नाहीत. व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, फेरफार करणारे आहेत. यंत्रातच एसथ्री नसेल तर त्या फेरफारानं नवी झोप जाते आणि जुनीही येत नाही. मग स्टार्टमधलं स्लीपचं बटणच नाहीसं होतं आणि तोच लॅपटॉप पुन्हा दुकानात.

लिनक्सवाल्यांनी 'मेम-स्लीप' ही सिस्टीम फाईल बघावी. तिच्यात 'डीप' हा शब्द असेल तर जुनी झोप हाताशी आहे. फक्त 'एसटूआयडल' असेल तर नाही. अ‍ॅपलच्या २०२० पासूनच्या, एमवन वगैरे चिप असलेल्या यंत्रांत एसएसडीचा कंट्रोलर मुख्य चिपमध्येच असतो. दुकानदार आणि वॉचमन एकाच घरातले, त्यामुळे हे भांडण तिथे सहसा दिसत नाही.

"झोपेत बॅटरी संपली तर फायली जातील?"

एसएसडीवर जपून ठेवलेल्या फायली जात नाहीत. फ्लॅशला वीज लागत नाही हे वर आलंच. घरगुती एसएसडीसाठीचा जेडेक या चिप्सचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा निकष तर असा, की लिखाणाची सगळी मर्यादा वापरून संपल्यावरही, वीज न लावता ३० अंश सेल्सिअसला ठेवली तर वर्षभर डेटा टिकायला हवा. नव्या एसएसडीत तो त्याहून पुष्कळ जास्त टिकतो. धोका रॅममधल्या न जपलेल्या कामाला. नव्या झोपेत बॅटरी तळाला आली की विंडोज शक्यतो आपणहून हायबरनेटमध्ये जातं, म्हणून तेही बहुधा वाचतं.

डेस्कटॉपचं तसं नाही, त्याला बॅटरीच नाही. टॅली उघडी ठेवून स्लीप केलं आणि लाइट गेली, की रॅम कोरी. उन्हाळ्यात विजांसह वळीव कोसळला की लाइट जाणं आपल्याकडे ठरलेलं. त्यासाठी विंडोजच्या प्रगत पॉवर सेटिंगमध्ये 'हायब्रिड स्लीप' असते: झोपताना रॅम जागी ठेवते आणि तिची एक प्रत डिस्कवरही उतरवते. लाइट टिकली तर लगेच उठतो. गेली तर परत आल्यावर बटण दाबायचं, ती प्रत वाचून पडद्यावर होतं तसं सगळं पुन्हा येतं. काही डेस्कटॉपवर ही सोय बंद असते, तेव्हा एकदा उघडून बघा.